दोन दीनार आणि उतारशाळेचा मालक



दयाळू शोमरोन्याचा दृष्टांत आपल्याला तोंडपाठ आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या कुठल्याही मुलाला विचारले तरी तो घडाघडा सांगेल. यरुशलेमहून यरीहोकडे निघालेला वाटसरू, त्याला लुटून अर्धमेला टाकणारे लुटारू, बाजूने निघून गेलेला याजक, तसाच निघून गेलेला लेवी आणि थांबलेला शोमरोनी. नाताळच्या कार्यक्रमात मुले ह्यावर नाटुकले बसवतात. त्यात जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतणे असते, जखमी माणसाला जनावरावर बसवण्याची गंमत असते, लुटारूंची भूमिका मिळावी म्हणून भांडणेही होतात. उतारशाळेचा मालक मात्र एखाद्या बुजऱ्या मुलाला करतात, कारण त्याला बोलायला एकही वाक्य नसते. आज त्या मुक्या मालकाकडे आणि त्याच्या हातावर ठेवलेल्या दोन दीनारांकडे जरा थांबून पाहू या.

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातले हे पस्तिसावे वचन आहे. शोमरोनी एक रात्र जखमी माणसाजवळ काढतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्या कामाला निघतो. जाण्यापूर्वी तो दोन दीनार काढून मालकाला देतो, ह्या माणसाची काळजी घे म्हणून सांगतो आणि अधिक खर्च झाला तर परत येताना तो फेडीन असा शब्द देतो. द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दृष्टांतावरून आपल्याला माहीत आहे की एक दीनार ही एका दिवसाची मजुरी होती. म्हणजे दोन दिवसांची मजुरी रोख आणि उरलेल्याची हमी. शोमरोन्याने स्वतः जे करता आले ते केले, पण महिनाभर उशाशी बसून राहणे त्याला शक्य नव्हते. म्हणून ज्याच्याकडे खाट आहे, चूल आहे, नोकरमाणसे आहेत, त्याच्याकडे त्याने पैसा दिला. आणि मुख्य म्हणजे हा खर्च त्याने जखमी माणसाच्या नावावर उधार मांडायला सांगितला नाही.

दया ही मनाची गोष्ट आणि पैसा हा बाजारातला व्यवहार, असे आपण दोन कप्पे करतो. प्रभू येशूने ते केले नाहीत. त्याच्या दृष्टांतात तेल आहे, द्राक्षारस आहे आणि हिशेबही आहे.

हा विषय काढण्याला कारण आहे. श्रीमंत देशांनी गरीब देशांना विकासासाठी दिलेला पैसा, जागतिक बँकेची कर्जे, कर्जमाफीच्या परिषदा ह्या बातम्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येतात आणि आपण ते पान उलटतो. उलटताना एक वाक्य हमखास ऐकू येते, की हा सगळा पैसा तिथल्या पुढाऱ्यांच्या घशात जातो. ह्या वाक्यात सत्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण ते अर्धे सत्य आहे, आणि याजक व लेवी ह्यांना वाट बदलताना मनाची समजूत घालायला असलेच एखादे वाक्य उपयोगी पडले असेल.

ह्या प्रश्नाशी आपला संबंध जुना आहे. आपल्यातल्या वडीलधाऱ्या मंडळींना १९६४ सालचा डिसेंबर आठवत असेल. मुंबईत ओव्हल मैदानावर आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली होती आणि पोप सहावे पॉल आले होते. भारताच्या भूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. वसईहून गाड्या भरभरून माणसे गेली होती. पोपमहोदयांनी आपल्याला भेट मिळालेली मोटारगाडी मदर तेरेजांना देऊन टाकली ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच मुंबईत त्यांनी पत्रकारांच्या हाती एक आवाहन दिले, ते फारसे कुणाच्या लक्षात राहिले नाही. राष्ट्रांनी शस्त्रास्त्रांवरच्या खर्चाचा निदान काही भाग बाजूला काढावा आणि जगातल्या कंगालांसाठी एक मोठा जागतिक निधी उभारावा, असे ते आवाहन होते. तीन वर्षांनी, १९६७ साली, ‘पॉप्युलोरम प्रोग्रेसिओ’ ह्या विश्वपत्रात त्यांनी मुंबईचे नाव घेऊन ह्या मागणीची पुन्हा आठवण करून दिली. पोप सहावे पॉल आता संत आहेत. त्यांनी मागितला तसा निधी आजवर उभा राहिला नाही.

त्याच्या आसपास जाणाऱ्या काही गोष्टी मात्र उभ्या राहिल्या. १९६० साली जागतिक बँकेच्या छत्राखाली आंतरराष्ट्रीय विकास संघटना स्थापन झाली. ज्या देशांना बाजारात कुणी कर्ज देत नाही, किंवा दिले तर सावकारी दराने देते, त्यांच्यासाठी ही संस्था. सुरुवातीची तिची कर्जे अशी असत: मुदत पन्नास वर्षांची, पहिली दहा वर्षे मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज नाही, फक्त पाऊण टक्का सेवाशुल्क. आता मुदती कमी झाल्या आहेत, पण जे देश कर्जात बुडायला आले आहेत त्यांना ती कर्ज न देता सरळ अनुदान देते. दर तीन वर्षांनी श्रीमंत देश एकत्र येऊन तिच्यात भर घालतात. डिसेंबर २०२४ मध्ये सोल येथे अशी बैठक झाली. देणाऱ्यांनी २३.७ अब्ज डॉलर कबूल केले आणि त्या पायावर बाजारातून कर्ज उभारून व जुन्या कर्जांची येणारी परतफेड धरून एकूण १०० अब्ज डॉलर गरीब देशांना देता येतील असे ठरले. पाव हिश्श्याहून कमी भांडवलावर ही रक्कम उभी राहते कशी, हे ज्यांनी सहकारी बँक आतून पाहिली आहे त्यांना सहज समजेल. आपली बॅसिन कॅथॉलिक बँक मॉन्सिनियर पी. जे. मोनीस ह्यांनी १९१८ साली सुरू केली. सावकाराचे व्याज आणि सहकाराचे व्याज ह्यांतला फरक वसईच्या बागायतदाराला कुणी समजावून सांगायला नको.

ही बैठक सोलला भरली हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. दक्षिण कोरिया हा एकेकाळी ह्याच संस्थेकडून कर्ज घेणारा देश होता. आपलेही तसेच. कित्येक वर्षे भारत तिचा सर्वांत मोठा कर्जदार होता. मुंबईच्या पाणीपुरवठ्याच्या कामासाठी १९७०च्या दशकात जे परदेशी कर्ज मिळाले ते ह्याच संस्थेचे. २०१४ साली भारत तिच्या कर्जदारांच्या यादीतून बाहेर पडला आणि आता देणाऱ्यांच्या रांगेत उभा आहे. तेव्हा गरीब देशांना दिलेला पैसा म्हणजे तळ नसलेल्या घड्यात ओतलेले पाणी, असे म्हणण्यापूर्वी आपण स्वतः कोणत्या घड्यातून पाणी प्यालो हे पाहिलेले बरे.

आता एक हकीकत सविस्तर सांगतो. हिच्यात दोन दीनारही आहेत, उतारशाळाही आहे आणि बार्तीमयासारखे आंधळेही आहेत.

पश्चिम आफ्रिकेत व्होल्टा नदीच्या खोऱ्यात एक बारीक काळी माशी असते. ती वाहत्या, खळाळत्या पाण्यात अंडी घालते, म्हणून नदीकाठी तिचा सुळसुळाट. ती चावली की अंगात एका जंताची पिल्ले शिरतात. मोठे झालेले जंत कातडीखाली गाठी करून दहा-पंधरा वर्षे जगतात आणि लक्षावधी पिल्ले सोडतात. त्या पिल्लांमुळे अंगाला अशी खाज सुटते की माणसे दगडाने कातडी घासत बसतात. ती डोळ्यांपर्यंत पोचली की हळूहळू दृष्टी जाते. ह्याला नदीचे आंधळेपण म्हणतात. काही गावांत चाळिशी ओलांडलेल्या माणसांपैकी निम्मीअर्धी आंधळी असत. मुलांना वाटे की म्हातारे झाले म्हणजे डोळे जायचेच. शेवटी माणसे नदीकाठची सुपीक जमीन सोडून वर खडकाळ माळावर गेली. नदीकाठी राहावे तर डोळे जातात, वर राहावे तर पोट भरत नाही.

१९७२ साली जागतिक बँकेचे अध्यक्ष रॉबर्ट मॅकनामारा अप्पर व्होल्टा देशात गेले होते. तो देश म्हणजे आजचा बुर्किना फासो. काठीचे एक टोक मुलाच्या हातात आणि दुसरे आंधळ्या माणसाच्या हातात, अशा जोड्या त्यांनी तिथे पाहिल्या. हे मॅकनामारा त्यापूर्वी अमेरिकेचे संरक्षणमंत्री होते आणि व्हिएतनामच्या युद्धात त्यांचा वाटा मोठा होता. आम्ही त्यांना संतपद देत नाही. पण शुभवर्तमानातला शोमरोनीही लोकांच्या मते सज्जनांच्या यादीत नव्हता.

१९७४ साली जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांच्या इतर दोन संस्था ह्यांनी मिळून काम सुरू केले. पैसा अनेक देशांनी दिला आणि तो बँकेत एका विश्वस्त निधीत ठेवला गेला. हेलिकॉप्टरमधून नद्यांच्या खळाळांवर दर आठवड्याला औषध फवारायचे, म्हणजे माशीच्या अळ्या मरतील. ऐकायला सोपे वाटते. पण अंगातला जंत दहा-पंधरा वर्षे जगतो, त्यामुळे माशी तितकी वर्षे सलग हटवावी लागते. मधे दोन वर्षे निधी आटला की आधीची दहा वर्षे पाण्यात. दरम्यान देणाऱ्या देशांत सरकारे बदलली, तेलाचे भाव चढले, दुष्काळ पडले. तरी निधी चालू राहिला. फोटो छापून आणावा असे त्यात काही नव्हते, नुसते दर आठवड्याचे फवारे. आमच्या मते शोमरोन्याने परत येण्याचा जो शब्द दिला त्याचा अर्थ हाच.

१९८७ साली मर्क ह्या औषध कंपनीने आयव्हरमेक्टिन हे औषध ह्या रोगासाठी फुकट देण्याचे जाहीर केले. जितके लागेल तितके आणि जितकी वर्षे लागेल तितकी वर्षे. ह्या औषधाच्या शोधासाठी विल्यम कॅम्बेल आणि सातोशी ओमुरा ह्यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गोळी फुकट, पण ती गावोगावी पोचवायची कशी? तेव्हा गावकऱ्यांनीच आपल्यातली माणसे निवडली. ती घरोघर जाऊन, माणसाची उंची काठीने मोजून, त्याप्रमाणे गोळ्या देऊ लागली. ही आमच्या दृष्टीने उतारशाळा.

२००२ साली तो पहिला कार्यक्रम संपला तेव्हा अकरा देशांत सुमारे ६ लाख माणसांचे डोळे वाचले होते आणि अडीच कोटी हेक्टर ओसाड पडलेली जमीन पुन्हा लागवडीला मोकळी झाली होती. खर्च आला दर माणशी वर्षाला एक डॉलरहूनही कमी. अठ्ठावीस वर्षांच्या ह्या कामाची फळे अजून येत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले की नायजर देशातून ह्या रोगाचा प्रसार थांबला आहे. आफ्रिकेतला असा तो पहिला देश. वॉशिंग्टनमध्ये जागतिक बँकेच्या इमारतीत काठी धरून आंधळ्याला नेणाऱ्या मुलाचा पुतळा आहे. नायजरमध्ये आता जी मुले जन्मतात त्यांना त्या काठीचे काम पडणार नाही.

पण बंधुभगिनींनो, पैसा नेहमी दोन दीनारांसारखाच येतो असे नाही. कधी कधी तो लुटारूंच्या बाजूने येतो, आणि हे न बोलता पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय घरी जाऊन वाचा. यरुशलेमचा कोट बांधायचे काम चालू आहे आणि लोक आरडाओरडा करीत येतात. धान्यासाठी आम्ही शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली, राजाचा कर भरायला कर्ज काढले, आता मुलीबाळी गुलामगिरीत जात आहेत, अशी त्यांची फिर्याद. सावकार परके नव्हते, त्यांचेच बांधव होते. नहेम्या संतापतो, सभा भरवतो आणि शेते व व्याज परत करायला लावतो.

१९७० ते ९०च्या दरम्यान आफ्रिकेत हेच झाले, फक्त मोठ्या प्रमाणावर. झैर देशाचा हुकूमशहा मोबुटू १९६५ पासून १९९७ पर्यंत सत्तेवर होता आणि लुटारू म्हणून जगात बदनाम होता. तरी शीतयुद्धात आपल्या बाजूचा म्हणून त्याला कर्ज मिळतच राहिले. तो गेला, कर्ज राहिले, आणि ते फेडायचे कुणी, तर ज्यांनी त्यातला एक पैसाही पाहिला नव्हता त्यांच्या मुलांनी. कर्ज थकले की नवी कर्जे देताना अटी घातल्या जात: सरकारी खर्च कमी करा, दवाखान्यात फी लावा, शाळेत फी लावा. ह्या अटींनी गरिबांचे जे नुकसान केले ते कमी लेखू नये. टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे रोज मिस्साला जाणारे कॅथॉलिक होते. त्यांच्या धन्यवादाची प्रक्रिया २००५ साली सुरू झाली आहे. कर्ज फेडण्यासाठी आम्ही आमच्या मुलांना उपाशी ठेवायचे का, असा रोखठोक प्रश्न त्यांनी जगाला केला होता.

ह्या प्रश्नाला उत्तर द्यायला ख्रिस्तसभा पुढे आली. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासावे वर्ष पवित्र मानायला सांगितले आहे. त्या वर्षी गहाण जमीन मूळ मालकाकडे जाते आणि बांधलेला माणूस मोकळा होऊन घरी जातो. १९९४ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी २००० सालच्या महोत्सवाची तयारी सुरू करताना लिहिले की ह्या निमित्ताने गरीब देशांचे कर्ज बरेचसे कमी करावे, जमल्यास माफच करावे. इंग्लंडमध्ये ‘ज्युबिली २०००’ नावाची चळवळ उभी राहिली. मे १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला बड्या राष्ट्रांची परिषद भरली तेव्हा सुमारे ७० हजार माणसांनी हातात हात धरून साखळी केली. त्यात कॅथॉलिक होते, प्रॉटेस्टंट होते, कुठलाच धर्म न मानणारेही होते. त्या चळवळीच्या अर्जावर जगभरातून २ कोटी ४० लाख सह्या झाल्या.

सह्यांनी काय होते, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ह्या सह्यांनी बरेच झाले. १९९६ साली सुरू झालेली कर्जमाफीची योजना तोवर रखडत चालली होती. १९९९ मध्ये ती रुंद केली गेली, २००५ साली तिच्यात आणखी भर पडली, आणि दोन्ही मिळून गरीब देशांचे १०० अब्ज डॉलरहून अधिक कर्ज उतरले. डिसेंबर २०२३ मध्ये सोमालियाने ही योजना पूर्ण केली, तो सदतिसावा देश. योजनेपूर्वी हे देश शिक्षण आणि आरोग्य ह्या दोन्हींवर मिळून जेवढे खर्च करीत, त्याहून थोडे जास्तच कर्जफेडीवर जात असे. नंतर हे पारडे उलटले. कर्जफेडीच्या सुमारे पाचपट रक्कम शाळा, दवाखाने व इतर लोकोपयोगी कामांवर जाऊ लागली.

न्येरेरेंच्या टांझानियात कर्जमाफी आणि जागतिक बँकेची नवी मदत ह्यांच्या जोरावर २००१ साली प्राथमिक शाळेची फी रद्द झाली. २००० साली त्या शाळांत सुमारे ४४ लाख मुले होती, ती २००५ पर्यंत ७५ लाख झाली. एकेका वर्गात इतकी मुले झाली की शिक्षकाला फळ्यापर्यंत जायला वाट राहिली नाही, आणि शिकवण्याचा दर्जा पुढे बरीच वर्षे रडतखडत चालला, हेही सांगितले पाहिजे. पण ती मुले आत होती. त्यांत मुली होत्या, ज्यांचे नाव फी भरायच्या वेळी घरोघर सर्वांत आधी कापले जात असे.

आता त्या घशात जाणाऱ्या पैशांकडे येऊ. युगांडाची गोष्ट आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यावर काही अर्थतज्ज्ञांनी तिथल्या अडीचशे शाळा पाहिल्या. सरकार दर मुलामागे शाळेला काही अनुदान देत होते. कागदावर पैसा पूर्ण सुटत होता. शाळेत जाऊन वह्या तपासल्या तर १९९१ ते १९९५ ह्या काळात सरासरीने शंभरातले फक्त १३ शाळेपर्यंत पोचले होते. बहुतेक शाळांना तर काहीच मिळाले नव्हते. बाकीचे मधल्या कचेऱ्यांत विरघळले. आणि गंमत अशी की मुख्याध्यापकांची तक्रार नव्हती, कारण आपल्याला किती मिळायला हवे हेच त्यांना माहीत नव्हते.

सरकारने हा अहवाल दडपला नाही हे त्याच्या श्रेयाचे मानले पाहिजे. दर महिन्याला कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम सुटली ते वर्तमानपत्रांत छापून येऊ लागले. प्रत्येक शाळेने आपल्याला किती मिळाले ते भिंतीवर लावायचे असा नियम झाला. २००१ पर्यंत शंभरातले ८०हून अधिक शाळेत पोचू लागले. हा सगळा गुण वर्तमानपत्राचा नाही, त्याच सुमारास इतरही बऱ्याच सुधारणा झाल्या होत्या, असे काही अभ्यासकांनी नंतर दाखवून दिले आणि ते खरे असावे. तरी भिंतीवरच्या त्या कागदाचे महत्त्व आम्हांला फार वाटते. उतारशाळेच्या मालकाला ठाऊक होते की हा माणूस परत येणार आहे आणि विचारणार आहे.

आणखी एक हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती शोमरोन्याच्या शब्दाशी थेट जुळते. मुलांना रोगप्रतिबंधक लसी आज टोचायच्या असतात, पण देणगी देणारी सरकारे म्हणतात की आम्ही दरवर्षी थोडे थोडे, वीस वर्षे देऊ. वीस वर्षांनी आलेल्या पैशाचा आजच्या बाळाला काय उपयोग? म्हणून २००६ साली एक युक्ती काढली गेली. सरकारांची ती पुढची वचने तारण ठेवून बाजारात रोखे विकायचे, आज पैसा उभा करायचा, आज लस टोचायची, आणि वचने पुरी होतील तसे रोखे फेडायचे. परत येताना देईन ह्या शब्दावर आजच औषधपाणी सुरू. ह्या रोख्यांपैकी पहिला रोखा नोव्हेंबर २००६ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांच्या नावाने घेतला गेला. जगात ह्या मार्गाने ज्या लसी जातात त्यांतल्या पुष्कळ पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनतात. १९९० साली पाच वर्षांखालील सव्वा कोटीहून अधिक मुले मरण पावली होती. २०२२ साली हा आकडा प्रथमच ५० लाखांच्या खाली आला. ही घट एका पैशाने झाली नाही. आयांचे शिक्षण, स्वच्छ पाणी, त्या त्या देशांनी स्वतः केलेला खर्च हे सगळे त्यात आहे. पण लसीचा वाटा त्यात मोठा आहे.

सध्याची स्थिती चांगली नाही. माफ झालेल्या कर्जांच्या जागी नवी कर्जे आली. ह्या वेळी देणारे वेगळे आहेत: खाजगी रोखेधारक, चीनच्या बँका आणि जुन्या ओळखीच्या संस्था. देणारे इतके पसरलेले असले की थकल्यावर त्यांना एका टेबलाशी आणणेच कठीण होते. झांबिया नोव्हेंबर २०२० मध्ये हप्ता चुकला. तडजोड व्हायला २०२३-२४ उजाडले. तोवर दवाखान्यांनी वाट पाहायची. मोझांबिकमध्ये तर २०१३-१४ साली सुमारे २ अब्ज डॉलरची कर्जे संसदेपासून लपवून काढली गेली आणि २०१६ मध्ये ती उघडकीस आल्यावर इतर मदतही थांबली. २०२३ साली विकसनशील देशांनी परदेशी कर्जाच्या मुद्दल-व्याजापोटी १.४ लाख कोटी डॉलर भरले. इतके पूर्वी कधी भरले नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५च्या अहवालाप्रमाणे जगातली ३४० कोटी माणसे अशा देशांत राहतात जिथे शिक्षणावर किंवा आरोग्यावर होतो त्याहून जास्त खर्च व्याजावर होतो. त्यातच देणाऱ्यांचे हात आखडले. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत देणारी आपली मोठी संस्था बंद केली. निधी मधे आटला की काय होते ते माशीच्या गोष्टीत आपण पाहिलेच.

म्हणूनच पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२५च्या महोत्सवाची घोषणा करताना, मे २०२४ मध्ये, श्रीमंत राष्ट्रांना पुन्हा तीच विनंती केली: जे देश कधीच फेडू शकणार नाहीत त्यांचे कर्ज सोडा. ही दयेची नव्हे, न्यायाची बाब आहे असेही त्यांनी बजावले. एप्रिल २०२५ मध्ये ते प्रभूघरी गेले आणि पोप चौदावे लिओ ह्यांनी जानेवारी २०२६ मध्ये महोत्सवाचा समारोप केला. पवित्र दार बंद झाले, पण मागणी उभीच आहे. जगभरच्या कॅरितास संस्थांनी तिच्यासाठी पुन्हा सह्या गोळा केल्या.

ह्या रकमा ऐकून आपण चक्रावतो आणि आपल्या हातात काय आहे असे वाटते. आपल्यापैकी कितीजण आखातात, इस्राएलमध्ये, युरोपात नोकरी करतात. कितीजण बँकांत, विमा कंपन्यांत, सरकारी खात्यांत आहेत. भारत आता देणारा आणि कर्ज देणाराही देश आहे, आफ्रिकेतल्या देशांना आपल्या सरकारकडूनही कर्जे जातात. ती कोणत्या अटींवर जातात हे विचारणे नागरिक म्हणून आपले काम आहे. आपल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद कुणाला मदत करण्यापूर्वी घरी जाऊन बसतात, चौकशी करतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जातात. कुणी त्यांना नावे ठेवतात की एवढी विचारपूस कशाला, देऊन टाका. आम्हांला वाटते ते बरोबर करतात.

पुढच्या रविवारपासून श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत कर्जाखाली दबलेल्या देशांसाठी एक प्रार्थना ठेवली आहे. ती लहान आहे आणि तिच्यात अर्थमंत्र्यांचाही उल्लेख आहे. हसू नका, त्यांना गरज आहे.

आणि एक सूचना. गेल्या प्रायश्चित्तकाळात घरोघरी दिलेल्या पाकिटांतून जमलेल्या रकमेचा हिशेब, कॅरितासकडे किती पाठवले, धर्मग्रामातल्या आजारी माणसांसाठी किती ठेवले आणि त्यातले आजवर किती खर्च झाले ह्या तपशिलासह, चर्चच्या डाव्या दरवाजाजवळच्या फलकावर लावला आहे. अक्षर बारीक आले आहे, तेव्हा ज्येष्ठांनी चष्मा घेऊन यावे. काही विचारायचे असल्यास दुसऱ्या मिस्सानंतर वित्त समितीचे सभासद तिथेच उभे असतील.